मधलं रबर

लाल दिव्यापाशी थांबलं की आरसा थरथरायचा.
आरशातला मागचा ट्रक थरथरायचा,
ट्रकमागचं पायसांदूचं चर्च, त्याच्या घड्याळासकट.
गिअरचा दांडा म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखा
काहीतरी पुटपुटत राहायचा.
मला वाटायचं, वय.
बिदेगाइन गाडीखालून म्हणाला, वय नाही, रबर.

मग त्याने ते काढून माझ्या हातावर ठेवलं:
दोन लोखंडी चकत्या, आणि मधे
करपलेल्या पावाच्या कडेसारखं काळं, तडकलेलं काहीतरी.
एका बाजूला इंजिन, स्वभावाने तापट,
दुसऱ्या बाजूला सांगाडा, मुका, हट्टी.
साठ वर्षं हे मधे पडलं होतं
आणि मधे पडणाऱ्याचं जे होतं
ते झालं होतं.

इसाबेला, साठ सालची.
जिथे ती बनली तो ब्रेमेनचा कारखाना
पुढच्याच वर्षी बुडाला.
मेलेल्याला पत्र लिहायचं, तर पत्ता कुठला घालायचा?
तरी लिहिलं.
नदीपलीकडे रोसारिओच्या एका भंगारवाल्याला,
पोर्तो अलेग्रेच्या एका दंतवैद्याला, त्याच्याकडे म्हणे तीन होत्या
(तिन्हींची रबरं तीन तऱ्हांनी मेली होती),
शेवटी डेल्मेनहोर्स्टच्या बाई हार्म्स यांना.
त्यांचे यजमान कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते,
बुडाला त्या आठवड्यात
पगाराऐवजी खोकी घेऊन घरी आले.

तोवर बिदेगाइनने ट्रॅक्टरच्या टायरचा तुकडा कापून बसवला.
तीन दिवस माझ्या दाढेतली चांदी वाजत होती.

कस्टमच्या पोराने विचारलं, काय आहे?
म्हटलं, रबर.
एवढ्या पैशांत नुसतं रबर?
शिक्का मारला त्याने, कीव आल्यासारखा.

मेणकागद. त्यावर जांभळ्या शाईत आकडा.
आत नवीकोरी जोडी, एकदाही न हललेली,
एकाही इंजिनाचा राग न गिळलेली.
बिदेगाइनने नख लावलं.
नख उमटलं नाही.
पुन्हा लावलं, तेव्हा एक भेग
आपणहून चालत गेली
या कडेपासून त्या कडेपर्यंत.
कपाटात, अंधारात, काहीही न करता
ते आमच्या जुन्याहून म्हातारं झालं होतं.

बाई हार्म्सना मी हे कळवलं नाही.
जोडी सुरेख पोचली, असं लिहिलं.
त्यांनी उलट टपाली आणखी एक पाठवली, फुकट.

नुएवा एल्वेसियाला एल्बिओ ग्राइसिंग
दूध काढायच्या यंत्रांची रबरं बनवतो.
शेडमध्ये गंधकाचा वास, भिंतीला साचे,
दाराशी कुणाचा तरी चीजचा ट्रक.
त्याने जुनं माउंटिंग हुंगलं, मापलं,
घड्याळासारखं एक यंत्र त्यावर दाबून
काट्याकडे बघत राहिला.
म्हणाला, नवं करून देतो. पण कडक की मऊ?
कडक केलं तर टिकेल, पण तुम्हाला सगळं कळेल.
मऊ केलं तर काही कळणार नाही, पण लवकर बसेल.
गाय बोलत नाही, तिचं मी अंदाजाने ठरवतो.
तुम्हाला तोंड आहे. सांगा,
किती थरथर ठेवू?

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मी तिथेच, त्या गंधकात,
मनातल्या लाल दिव्यापाशी गाडी उभी केली.
ॲशट्रेत एक नाणं आहे, आधीच्या मालकाचं,
चलनातून कधीच गेलेलं.
इंजिन खुशीत असलं की ते बारीक किणकिणतं.
म्हटलं, नाणं वाजू दे.
आरसा नको.

त्याने फळ्यावर खडूने लिहिलं, पंचावन्न.
बोटाने पुसलं. बावन्न.
मंगळवारी या, म्हणाला. आणि पैसे रोख.